धुराची सावली

धुळीला आपल्या भाषेत मान नाही. धूळधाण, धूळफेक, धूळ चारणे. जो तो शब्द तिची अवहेलनाच करतो. तरीही हवेत रजःकण नसते तर महाबळेश्वरी आजच्यासारखा पाऊस कोसळला नसता. बाष्पाला थेंबाचे रूप घेण्यासाठी कशावर तरी टेकावे लागते. समुद्राच्या मिठाचा कण, मातीचा रज, धुरातील गंधकाचा अंश. पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था २०१२ पासून महाबळेश्वरच्या प्रयोगशाळेत हेच कण आणि ढग न्याहाळीत आहे. पावसाळ्यात तेथे ढग आपण होऊन दाराशी येतो.

मात्र कण फार झाले की गणित फिरते. दहा एकरांची वाटणी शंभर वारसांत व्हावी आणि कुणाचेच पोट भरू नये, तशी बाष्पाची गत होते. थेंब बारीक राहतात, त्यांना खाली यायला वेळ लागतो. ढग मात्र अधिक पांढरा होऊन सूर्याचे ऊन परतवतो. (माण, आटपाडी, जत येथील अवर्षणाचे खापर आम्ही या धुरावर फोडीत नाही. तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा जुना हिशेब आहे.)

येथेच नीतीचा पेच उभा राहतो. जो धूर छातीत शिरून माणसाचे आयुष्य तोडतो, तोच पृथ्वीवर सावली धरतो. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार अशा कणांनी सुमारे ०.४ अंश तापमानवाढ झाकून ठेवली आहे. २०२० मध्ये जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. हवा सुधारली, आणि सावलीही थोडी विरळ झाली. मग धूर राहू द्यावा काय?

आम्हांस तसे वाटत नाही. सावली जगाला मिळते, पण तिची किंमत वीटभट्टीवरची बाई आणि तिच्या झोळीतले मूल चुकवते. त्यांना कुणी विचारलेले नाही. शिवाय हे कण फार तर आठवडा-दोन आठवडे हवेत टिकतात, कर्बवायूचा बराच भाग शतकानुशतके राहतो. म्हणजे शतकांचे कर्ज आपण आठवड्याच्या उसनवारीने लपवीत आहोत. कर्ज न फेडता केवळ उसनवारी थांबविणाऱ्याला ऊन सोसावे लागणारच. म्हणून कोळसा व तेल कमी करणे आणि हवा स्वच्छ करणे, ही दोन्ही कामे बरोबरच झाली पाहिजेत.

कृष्णाकाठी, कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत, ऊसतोड झाली की अजूनही कित्येक फडांत पाचट पेटते. ते सरीत कुजविले तर ओल टिकते, खोडव्याला खत मिळते, हे शेतकऱ्याला ठाऊक नाही असे नाही. पण काडी एका पैशाची, आणि पाचट सरीत दाबायला मजूर लागतो. जगाच्या हवेसाठी ती मजुरी त्याने एकट्याने का सोसावी, हे त्याला कुणी अद्याप सांगितलेले नाही.