करावे तसे भरावे, पण कोणी कोणास म्हणावे?

दत्तभक्त हो, ‘करावे तसे भरावे’ ही म्हण आपल्या घरोघरी चालते. पेरलं तेच उगवतं, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. इंग्रज लोकही म्हणतात, आपण घातलेल्या अंथरुणावर आपणच निजावं. शब्द खरा आहे. पण तो कोणी, कोणाला म्हणायचा?

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून माणसं निजली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हादरली. किल्लारीबरोबर आपलं सास्तूरही ढासळलं. पुढे ‘पाप भरलं होतं’ असं बोलणारे मी ऐकले आहेत. त्यांना मी एवढंच विचारतो: पाळण्यातल्या लेकरानं काय पेरलं होतं? त्याचं अंथरूण तर आईनं घातलं होतं!

श्रीगुरुचरित्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात कर्मविपाक आहे. आपण तो पारायणात वाचतो. तिथे पतित विचारतो ते स्वतःपुरतं: मला ही गती कशानं आली? आणि सांगतात ते साक्षात श्रीगुरू. शेजाऱ्याच्या पापाचा हिशेब तो मागत नाही. म्हणजे कर्माचा सिद्धांत हा आरसा आहे. त्यात आपलं तोंड पाहावं. दुसऱ्याच्या दारात तो धरू नये. दुःखिताच्या दारी जायचं ते भाकरी आणि पाणी घेऊन.

मग त्या रात्रीशी माणसाच्या करणीचा संबंधच नव्हता का? होता. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच घरं अंगावर आली. ते पाप नव्हतं बाबांनो, ते न ठाऊक असणं होतं. आज ठाऊक आहे. आता कोणी खर्च वाचवायला भिंतीतला सिमेंट-लोखंडाचा पट्टा गाळून वर मजला चढवील, तर ती करणी त्याची. भरतील मात्र नातवंडं. म्हणून करण्याआधी विचार करावा.

अवधूतांच्या चोवीस गुरूंत पहिली पृथ्वी. तिच्याकडून ते क्षमा शिकले. तिच्यावर रोष नको. या दत्तजयंतीला पादुकांवर डोकं ठेवताना स्वतःला विचारू या: माझ्या करणीचं ओझं कोणाच्या डोक्यावर पडतंय?

श्री गुरुदेव दत्त.