भात खायच्या आधी

लेक दिवाळीला पुण्याहून मोहाडीला आली ती एक मोठं खोकं घेऊन. पटावर खेळायचा नवा खेळ होता तो. बाजारात यायला अजून पंधरा दिवस होते. खेळांवर लिहिणाऱ्या काही लोकांना कंपनीनं तो आधीच पाठवला होता आणि त्यांत माझी लेकही होती. खेळ विकायला ज्या दिवशी येणार त्याच दिवशी तिचं लिखाण छापून यावं, एवढीच त्यांची विनंती होती. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मत मोकळेपणानं मांडा.' चिठ्ठी हातानं लिहिलेली होती आणि वर तिचं नाव होतं.

मंडईच्या जत्रेच्या आदल्या रात्री आम्ही चौघं ओटीवर बसलो. बाबा, मी, लेक आणि तिची आई. पट जाड पुठ्ठ्याचा, बैल लाकडात कोरलेले, एकेकाच्या शिंगांना रंगाचा बारीक ठिपका. बाबांनी एक बैल उचलून दिव्याजवळ नेला आणि अंगठ्यानं त्याच्या वशिंडावरून हात फिरवला. नियम लेक सांगत होती. कुठं अडलं की लगेच सोडवून देत होती. डाव दोन तास चालला. शेवटी बाबा आणि ती दोघंच उरले आणि ती जिंकली.

तिनं त्याच रात्री लिहायला घेतलं आणि सकाळी चहाच्या वेळी आम्हांला वाचून दाखवलं. सुरेख लिहिलं होतं. बैल, रंग, शेवटच्या चालींची चुरस, सगळं त्यात होतं. खेळ फुकट मिळाला हेही पहिल्याच ओळीत होतं. 2023 पासून केंद्र सरकारचा तसा दंडकच आहे, असं तिनं सांगितलं. वस्तू फुकट मिळाली असेल तर ते लपवायचं नाही.

बाबा सगळं ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "तुई माय कवा उठली, ते लिवलं का?"

लेक गप्प झाली. तिची आई पहिल्या अर्ध्या तासातच बाद झाली होती. खेळाचा नियमच तसा होता. ती उठली, चहा टाकला, धुणं घड्या करून ठेवलं आणि मग दीड तास भिंतीला टेकून आमचा डाव पाहत बसली. आमच्यापैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. बाबांच्या मात्र आलं होतं.

"आबाजी, मी खोटं काहीच लिहिलं नाही," लेक म्हणाली.

"मी कुठं म्हनतो खोटं लिवलं? मी बी खोटं नव्हतो बोललो."

मग बाबांनी आपल्या धानाची हकीकत काढली. मला ती ठाऊक होती, पण त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका बियाणे कंपनीचा माणूस आमच्याकडे आला होता. नवं वाण होतं. एका एकराचं बी फुकट, खत फुकट, दोन फवारण्या फुकट. आमच्या चार बांध्यांतून त्यानं सडकेला लागून असलेली बांधी निवडली. ती कालव्याच्या तोंडाशी होती, पाण्याला कधी तोटा नाही. रोवणा झाला तसा तो दर पंधरा दिवसांनी येऊन बघून जायचा. घरी यायचा, ओसरीवर बसायचा, बाबांना काका म्हणायचा. माणूस खरोखर चांगला होता. बाबा आजही त्याला वाईट म्हणत नाहीत.

धान लोंबीवर आलं तेव्हा शिवारफेरी झाली. बांधीच्या धुऱ्यावर मांडव घातला. आजूबाजूच्या गावांतून शेतकरी आले. बाबांना शाल-श्रीफळ दिलं आणि बोलायला उभं केलं. बाबांनी एक लोंबी हातात धरली आणि जे दिसत होतं तेच सांगितलं. लोंबी लांब आहे, दाणा भरलाय, फुटवे चांगले आहेत. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पुढच्या हंगामात बाबांच्या शब्दावर आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांनी ते बी पैसे मोजून घेतलं.

त्यांच्या बांध्या मात्र कालव्याच्या शेपटाकडच्या. पाणी उशिरा पोचलं. खत ज्यानं त्यानं आपापल्या ऐपतीनं घातलं. वर तुडतुडे आले. कापणी झाल्यावर एक शेजारी सकाळीच आमच्या दारात आला. बोलला काही नाही. मुठीतलं धान बाबांच्या तळहातावर ठेवलं. बाबांनी फुंकर मारली तर निम्म्याहून अधिक उडून गेलं. नुसता पोचा होता.

त्या माणसानं एकच विचारलं, "काका, तुमी यंदा काय लावलं?"

बाबांनी त्या वर्षी एचएमटी लावलं होतं.

इथवर आले आणि बाबा थांबले. बायको चहाचे कप उचलायला आली होती, तीही तशीच उभी राहिली.

"काऊन?" लेकीनं विचारलं.

"भात आवडला नाही घरी. दुपारी शिजवला का संध्याकाळी कडक व्हायचा. तुई आजी म्हने, हे कोंबड्यायले घाला."

"मग शिवारफेरीत का नाही सांगितलं?"

"तवा तर धान उभंच होतं ना पोरी. भात कोनी खाल्ला होता?"

मला वाटतं सगळं त्या एका वाक्यात आहे. फुकट मिळालं म्हणून माणूस लगेच खोटं बोलत नाही. पण बांधी कोणती, पाणी किती आणि मुख्य म्हणजे बोलायचं कधी, हे देणारा आधीच ठरवून मोकळा झालेला असतो. मग उभ्या राहिलेल्या माणसानं कितीही प्रामाणिकपणे तोंड उघडलं तरी त्याच्यापुढं लोंबीच असते. भात पुढ्यात आलेलाच नसतो.

एचएमटीचं असं नव्हतं, हे बाबा नेहमी सांगतात. 1983 साली चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांना आपल्या पटेल-3 धानात तीन निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या आणि वर्षानुवर्षं लावून, पारखून त्यांचं वाण केलं. व्यापाऱ्यांनी त्याला एचएमटी घड्याळाचं नाव दिलं. ते बी आमच्या झाडीपट्टीत पसरलं ते एकानं दुसऱ्याच्या घरी जेवून, भात कसा आहे ते जिभेवर बघून. दादाजी 2018 मध्ये गेले. त्यांच्या वाट्याला मानसन्मान आले, पैसा मात्र फारसा आला नाही. या गोष्टीची मला आजही टोचणी लागते.

"मग मी लिहायचंच नाही का?" लेक जरा चिडूनच म्हणाली.

"लिव ना. काय पाह्यलं ते लिव, आन् काय पाह्यचं राह्यलं तेबी लिव. आन् बाजूच्या बांधीत जुनं धान लावून पाय."

शेवटचं तिला कळलं नाही, मी समजावलं. साकोलीच्या भात संशोधन केंद्रात नवं वाण एकटं लावत नाहीत. शेजारी नेहमीचं वाण असतं, त्याच पाण्यावर, त्याच खतावर. मगच कुठलं सरस ते कळतं.

त्या रात्री बाबांनी ओटीवर खडूनं चौकोन आखले आणि चिंचोके फोडून फाशासाठी घेतले. आम्ही चौघं पुन्हा बसलो. यात सोंगटी मारली तर पुन्हा पहिल्या घरातून निघायचं असतं, पण बाद कुणी होत नाही. लेकीची आई तिसऱ्या डावापर्यंत हलली नाही. लेक अधूनमधून वहीत काहीतरी टिपत होती.

लिखाण तिनं ठरल्या दिवशी पाठवलं. त्यात बैलही होते आणि भिंतीला टेकलेली आईही होती. एकच डाव झाला, तोही नियम सांगणारं माणूस शेजारी असताना, हेही तिनं लिहिलं. शेवटी लिहिलं की खेळ घरी ठेवून जाते आहे, होळीला परत सांगेन. खोकं तिनं ओटीवरच्या फळीवर ठेवलं. जाताना मला बजावलं, "कोणाला खेळा म्हणू नका, आणि खेळू नका असंही म्हणू नका."

होळीला आली तेव्हा चप्पल काढायच्या आधीच तिनं फळीकडं पाहिलं. खोकं तिथं नव्हतं. ते शेजारच्या अंगणात होतं. त्याचा एक कोपरा फाटला होता आणि पाच पोरं पटाभोवती भांडत होती. खेळ चौघांचा, पोरं पाच. बाद झालेल्यानं उठायचं नाही, दुसऱ्यांचे फासे टाकायचे, असा नियम त्यांनी आपला आपणच केला होता. दोन बैल हरवले होते. त्यांच्या घरांत दोन चिंचोके उभे होते.

लेक पायरीवर बसली आणि तिनं वही काढली.