वचन एक, अर्थ कोणता?



दर तीन वर्षांनी, उपासनेच्या ‘ब’ वर्षात, सामान्य काळातील २१व्या रविवारी मिस्सामध्ये दुसरे वाचन संत पौलाच्या इफिसकरांस पत्रातून होते. पत्नीने पतीच्या अधीन असावे, असे सांगणारे वचन त्यात येते. त्या वेळी आपल्या बाकांवर काय घडते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. एखादा नवरा बायकोला हळूच कोपराने ढोसतो, ती डोळे वटारते, मागच्या बाकावर हसू फुटते. मिस्सा संपल्यावर आवारात त्यावर दोन विनोद होतात आणि आपण घरी जातो.

परंतु प्रत्येक घरात हे वचन हसण्यावारी जात नाही. काही घरांत ते दार लावल्यावर ऐकवले जाते. नवरा पिऊन येतो, हात उचलतो, बायको मुलांना घेऊन माहेरी जाते. मग आपल्यापैकीच कुणी वडीलधारे तिची समजूत काढायला जातात. ‘‘बाय, बायबलातच लिहिलंय ना, नवऱ्याचं ऐकावं. प्रत्येकाला आपला क्रूस असतो.’’ ती परत येते. समजूत काढणारे समाधानाने घरी जातात, कारण एक संसार वाचला. तो कसा वाचला, हे मात्र त्या घराच्या भिंतींनाच ठाऊक असते.

येथे आपल्या श्रद्धेसमोर एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो. पवित्र शास्त्र हा देवाचा शब्द आहे असे आपण मानतो. मग ते वडीलधारे बरोबर नाहीत काय? आणि ते चुकत असतील, तर देवाच्या वचनातले काय घ्यावे आणि कसे घ्यावे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

पुष्कळ जण म्हणतात, ‘‘आम्ही अर्थबिर्थ लावत नाही. जे लिहिले आहे ते मानतो.’’ ऐकायला हे फार श्रद्धेचे वाटते. पण आपण तेच पत्र थोडे पुढे वाचू या. संत पौल तीन जोड्यांना उद्देशून लिहितो. पती आणि पत्नी, आईबाप आणि मुले, आणि सहाव्या अध्यायात धनी आणि गुलाम. गुलामांनी आपल्या धन्यांची आज्ञा पाळावी, असेही त्याच पत्रात, त्याच ओघात सांगितले आहे. आज या वचनाच्या आधारे कुणाला गुलाम ठेवावे असे आपल्यापैकी कुणी म्हणेल काय? कुणीच म्हणणार नाही. म्हणजे अर्थ आपण सगळेच लावतो. तिसऱ्या जोडीच्या बाबतीत लावतो आणि पहिल्या जोडीच्या बाबतीत ‘लिहिले आहे’ म्हणून थांबतो.

एके काळी तिसऱ्या जोडीच्या बाबतीतही लोक असेच थांबले होते. १९व्या शतकात अमेरिकेतील गुलामांचे मालक हीच वचने पुढे करीत. यात आपले लोकही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. १८३८ साली मेरीलँड येथील येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ स्त्री-पुरुष व मुले विकली. पुढच्याच वर्षी पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. १८८८ साली पोप तेरावे लिओ यांनी ब्राझीलच्या बिशपांना पत्र लिहून तेथील गुलाममुक्तीचे स्वागत केले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने गुलामगिरीची गणना मानवाला कलंक लावणाऱ्या कृत्यांत केली. २०१७ साली येशूसंघाने त्या गुलामांच्या वंशजांपुढे जाहीर क्षमा मागितली. इतक्या वर्षांत बायबलचा एकही शब्द बदलला नाही. त्याच बायबलात फिलेमोनाला लिहिलेले पत्रही होते. त्यात संत पौल अनेसिमला परत पाठवताना त्याला गुलाम नव्हे तर प्रिय बंधू म्हणून स्वीकारा, अशी विनंती करतो. ते पत्र मालकांच्या घरीही होते. त्यांचे डोळे मात्र सोयीच्या पानावर खिळलेले होते.

मग अर्थ लावायचा तरी कसा? हा प्रश्न ख्रिस्तसभेने आपल्यावर एकट्यावर सोडलेला नाही. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दैवी प्रकटीकरणाविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात याची वाट दाखवली आहे. पवित्र लेखकाला काय सांगायचे होते, तो कोणत्या काळात आणि कोणत्या रीतीने लिहीत होता, हे पाहावे. एक वचन सुटे न घेता संपूर्ण शास्त्राच्या संदर्भात वाचावे. आणि ख्रिस्तसभेच्या जिवंत परंपरेसोबत वाचावे. ख्रिस्तसभेचा शिक्षणाधिकार देवाच्या शब्दाच्या वर नाही, तो त्याचा सेवक आहे, असेही परिषदेने तेथेच स्पष्ट केले आहे.

ही वाट धरून पुन्हा त्या पाचव्या अध्यायाकडे येऊ. पौलाच्या काळच्या रोमी जगात कुटुंबप्रमुखाचा अधिकार फार मोठा होता. पत्नीने ऐकावे, हे तेथे कुणाला नव्याने सांगावे लागत नव्हते. नवे होते ते दुसरेच. पत्नीविषयीच्या वचनाच्या आधी पौल सर्वांनाच ख्रिस्ताविषयीच्या आदरापोटी एकमेकांच्या अधीन राहण्यास सांगतो. मूळ ग्रीक भाषेतील काही अतिप्राचीन हस्तलिखितांत तर पत्नीविषयीच्या वाक्यात ‘अधीन राहा’ हे क्रियापदच नाही. ते आधीच्या वाक्यातून घ्यावे लागते. म्हणजे पहिले वाक्य सोडून दुसरे वाचताच येत नाही. त्यापुढे पौल पतीकडे वळतो आणि ख्रिस्ताने ख्रिस्तसभेवर प्रीती करून तिच्यासाठी प्राण दिला, तशी प्रीती त्याच्याकडे मागतो. पत्नीसाठी तीन वचने आहेत, पतीसाठी त्याहून अधिक. पत्नीला ताब्यात ठेवा, असे पतीला तो कुठेही सांगत नाही.

म्हणून जो नवरा पत्नीसाठी लिहिलेले वचन तिला ऐकवतो, तो दुसऱ्याच्या नावाचे पत्र फोडून वाचतो. त्याच्या नावाचे पत्र त्याच पानावर, खाली, न उघडलेले पडून असते. ख्रिस्ताने आपल्या ख्रिस्तसभेवर कधी हात उचलला नाही. तिच्यासाठी त्याने मार खाल्ला. क्रूसाची आठवण द्यायचीच असेल, तर ती प्रथम नवऱ्याला द्यायला हवी.

संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली स्त्रियांच्या प्रतिष्ठेविषयीच्या पत्रात हे अधीन राहणे परस्परांचे आहे, असे शिकवले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयी लिहिताना तीच शिकवण पुढे नेली आणि दुर्बल जोडीदाराला व मुलांना हिंसेपासून वाचवण्यासाठी वेगळे राहणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असे सांगितले. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ११५३वे कलम तर जोडीदारापासून शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल तर विभक्त राहण्याचा हक्क देते. त्यासाठी एरवी बिशपांची परवानगी लागते, पण विलंबात धोका असेल तर ती मिळेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. विवाहबंधन त्यामुळे तुटत नाही. बहिणीचा जीव मात्र वाचतो. देशाचा कायदाही तिच्या पाठीशी आहे. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५चा कायदा ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. त्याचा आधार घेणे म्हणजे श्रद्धा सोडणे नव्हे.

कुणी विचारेल, असे प्रत्येक वचनाला संदर्भ लावत गेलो, तर नकोसे वाटेल ते सगळेच गळून पडेल. ही भीती खोटी नाही. सोयीचा अर्थ काढण्याचा मोह कडक माणसाला होतो, तसाच सैल माणसालाही होतो. शत्रूवर प्रीती करा हे कठीण वाटते, म्हणून ‘तो काळ वेगळा होता’ असे म्हणून आपण सुटू पाहतो. संपत्तीविषयीची प्रभूची वचने तर आपण किती सफाईने ओलांडतो! शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी दहा वर्षे न बोलणारा मनुष्य बायकोला मात्र वचन दाखवतो. सैतानालाही वचने पाठ होती. अरण्यात त्याने प्रभूपुढे स्तोत्रसंहितेचाच दाखला दिला. प्रभूने त्याला शास्त्रातूनच उत्तर दिले, कारण एका वचनाला संपूर्ण शास्त्राचा अर्थ ठाऊक असलेलाच उत्तर देऊ शकतो.

म्हणून संत ऑगस्टिन यांनी सांगितलेली कसोटी आपण जवळ ठेवावी. ज्याने लावलेल्या अर्थातून देवाची आणि शेजाऱ्याची प्रीती वाढत नाही, त्याला शास्त्र अजून समजलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. घरच्या भाषेत सांगायचे तर, मी लावलेल्या अर्थाची किंमत कोण मोजतो, हे पाहावे. ती नेहमी दुसराच मोजत असेल आणि मी मोकळा राहत असेन, तर पान पुन्हा उघडावे. बायबलचा अधिकार सर्वप्रथम माझ्यावर आहे. तो दुसऱ्यावर चालवण्यासाठी माझ्या हाती दिलेला नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतील इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया वाचत होता. समजते का, असे फिलिपने विचारले तेव्हा, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार, असे त्याने मोकळेपणाने कबूल केले. आपल्यालाही तेवढी नम्रता हवी. आपल्या वाडीतील प्रार्थनासभेत कधीतरी हा पाचवा अध्याय २१व्या वचनापासून शेवटपर्यंत एकत्र वाचावा. पुरुषांनी पुरुषांसाठीचे वचन मोठ्याने वाचावे. आणि पुढच्या वेळी एखादी बहीण माहेरी आली आहे असे कळले, तर तिला परत पाठवण्याची घाई करण्याआधी तिच्या घरी काय घडते ते शांतपणे ऐकून घ्यावे. आपण ते पुष्कळदा केलेले नाही. त्याबद्दल आपल्याला क्षमा मागायची आहे.

हे प्रभो, तुझा शब्द आम्ही दुसऱ्यावर उगारलेली काठी करू नये. तो आमच्या पावलांपुढचा दिवा व्हावा आणि प्रथम आमचेच घर त्यात उजळावे, अशी कृपा आम्हांस दे. आमेन.