जाणणे आणि करणे

आमच्या खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीत इरशाळवाडी ही ठाकरांची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराची दरड तिच्यावर कोसळली. २७ प्रेते हाती लागली. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा ५७ माणसे बेपत्ताच होती. पुढे त्या बाजूच्या एका गावी माझे कीर्तन झाले. आरती झाल्यावर एक माळकरी म्हातारी म्हणाली, "बुवा, देवाला सगळं ठाऊक असतं म्हणता. मग ती रात्रही ठाऊक होती ना? ठाऊक होती, तर टळणार कशी होती?" मला उत्तर सुचले नाही. मी खाली मान घालून बसलो.

गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत सांगतात की, झालेले, असलेले आणि पुढे होणारे सर्व जीव मला ठाऊक आहेत. तेच भगवंत अठराव्यात अर्जुनाला सर्व उपदेश करून झाल्यावर निर्णय त्याच्यावर सोपवतात. होणारे सारे आधीच सक्तीने ठरलेले असते, तर अर्जुनाला विचार करायला लावण्याचे प्रयोजन काय?

घोटाळा इथे होतो की, जाणणे आणि करणे आपण एकच धरतो. शंकराचार्यांनी ह्यांत भेद केला आहे. ज्ञान वस्तुतंत्र, कर्म पुरुषतंत्र. म्हणजे वस्तू जशी असेल तसेच तिचे ज्ञान होते. कर्म मात्र करता येते, टाळता येते, निराळ्या रीतीनेही करता येते. आता हा भेद देवाच्या जाणण्याला लावून पाहू. कार्तिकीला आपल्या दिंड्या खोपोलीहून बोरघाट चढून आळंदीस जातात. खालच्या वळणावरच्या वारकऱ्याला पुढचे वळण दिसत नाही. वर कड्यावर बसलेल्याला दोन्ही दिसतात. पण त्याच्या पाहण्याने कोणाचे पाऊल उचलले जाते काय? दिंडी थांबली असती, तर त्याला थांबलेली दिसली असती. देव तीनही काळ असेच पाहतो. आपण करणार ते तो जाणतो. तो जाणतो म्हणून आपण करतो, असे नव्हे.

कोणी म्हणेल, बुवा, प्रारब्धाचे काय? प्रारब्ध आहेच. पण क्रियमाण शास्त्राने आपल्या पदरात ठेवले आहे, नाहीतर हे करा, ते करू नका, असे सांगणेच व्यर्थ झाले असते. शिवाय प्रारब्ध हा शब्द स्वतःचे दुःख सोसण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या लेकराच्या प्रेतापाशी उभे राहून तो उच्चारू नये. तिथे तो शब्द धर्म नव्हे, निष्ठुरपणा आहे.

दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती. माणसाचे जाणणे असे तोकडे. पण तोकडे आहे म्हणून देवाच्या जाणण्याआड लपायचे नसते. त्या रात्री भर पावसात, काळोखात माणसे डोंगर चढून मदतीला गेली. वर गाडीरस्ता नव्हता, मोठी यंत्रे चढेनात; हातांनी, फावड्यांनी माती उपसली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेले. ह्यांपैकी कोणी 'व्हायचे ते झाले' म्हणून घरी बसला नाही. मातीखाली कोणी जिवंत असेल, एवढ्यासाठी ते गेले, आणि काही जीव खरेच वाचले.

म्हातारे माये, ठाऊक असून देवाने हात का दिला नाही, हे मला आजही सांगता येत नाही. शास्त्रे पढलो, तरी येत नाही. पण देवाला ठाऊक होते म्हणून काही करण्यासारखे नव्हते, हे मात्र खरे नव्हे. पावसाने धरले आणि घरामागच्या उताराला भेग दिसली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर शेजाऱ्याला हाक मारावी, लेकरांना उचलावे आणि नाम घेत घेत निघावे. देव जो उद्याचा दिवस जाणतो, त्यात आपले हे निघणेही असू द्या.

रामकृष्ण हरि.