न आलेल्या साथीचे देणे



आपल्या वालूरची चक्राकार बारव आपण सर्वांनी पाहिली आहे. ज्यांनी ती बांधली, त्यांनी पुढच्या दुष्काळाचा विचार केला. त्या बारवेचे पाणी पिणारी कितीतरी माणसे तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पुढे दुर्लक्षामुळे ती गाळाने भरली आणि अलीकडे गावकऱ्यांनी कष्ट करून ती मोकळी केली. ती पाहताना एक प्रश्न मनात येतो. जो अजून आजारी पडलेला नाही, त्याचे आपण काही देणे लागतो का? आणि सरकार लागते का?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. १९९४ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावातून गाठीच्या प्लेगची बातमी आली. १९६६ नंतर भारतात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. हा रोग गेला असेच सर्वजण धरून चालले होते. पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला. लाखो लोक शहर सोडून पळाले. देशात पन्नासहून अधिक माणसे दगावली. वास्तविक वेळीच ओळखला तर प्लेग साध्या, स्वस्त औषधांनी बरा होतो. औषध होते, वेळीच ओळखण्याची व्यवस्था कमी पडली. गावोगावच्या आजारांची नियमित नोंद व्हावी म्हणून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला तो २००४ साली, म्हणजे दहा वर्षांनी.

तयारी नसली की सरकारच्या हाती एकच साधन उरते, ते म्हणजे हुकूम. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. त्या कायद्याने सरकारला तपासण्याचा, अडवण्याचा, शिक्षा करण्याचा अधिकार दिला. मात्र सरकारने किती खाटा, किती औषधे, किती माणसे तयार ठेवावीत, ह्याविषयी त्यात काहीच नाही. पुण्यात सैनिक घरात शिरू लागले, तेव्हा लोक रुग्णांना लपवू लागले. ज्या उपायाने रोग आटोक्यात यायचा, त्याच्याच भीतीने रोग घरात दडून राहिला.

मार्च २०२० मध्ये कोविडसाठी महाराष्ट्राने पुन्हा हाच कायदा लागू केला. घरी थांबण्याचा आदेश चुकीचा होता असे मी म्हणत नाही. त्याने अनेकांचे प्राण वाचले असतील. पण ज्यांचे घर शेकडो मैल दूर होते, त्यांनी कोठे थांबायचे ह्याची पूर्वतयारी नव्हती. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून पायी मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे निघाले होते. गाड्या बंद आहेत, असे त्यांना वाटले असावे. तोच लोहमार्ग आपल्या सेलू स्टेशनातून जातो. आदेश सर्वांना सारखाच होता. त्याचा भार मात्र सर्वांवर सारखा पडला नाही. म्हणून पूर्वतयारी हा केवळ कारभाराचा भाग नाही, तो न्यायाचाही प्रश्न आहे.

कोणी विचारील, "फादर, आजच्या रुग्णाला गोळी मिळत नाही आणि तुम्ही उद्याच्या साथीचे काय सांगता?" ही शंका रास्त आहे. साठवलेली औषधे मुदत संपून फेकावी लागतात, हेही खरे. परंतु साथीची खरी तयारी गोदामापेक्षा माणसांत असते. घरोघरी जाणारी आशाताई, उपकेंद्रातील नर्सबाई, नमुना तपासणारी प्रयोगशाळा, शुद्ध पाणी ह्यांचा आजच्या रुग्णालाही उपयोग होतो. एकाच आठवड्यात एका वस्तीत दहा जणांना ताप आला, हे सर्वांत आधी आशाताईलाच कळणार. येथे आजचे आणि उद्याचे देणे एकच आहे.

मिसर देशात योसेफाने सुकाळातील धान्याचा पाचवा हिस्सा राखून ठेवला. लोकांच्या ताटात पुरेसे असताना हे करणे सोपे नसणार. तयारीची अडचण हीच आहे. ती यशस्वी झाली तर काहीच घडत नाही, आणि जे घडले नाही त्याचे आभार कोणी मानीत नाही. मते पुलाला मिळतात, तापाच्या नोंदवहीला मिळत नाहीत. मग सरकार विसरले तर दोष केवळ सरकारचा कसा? साथ ओसरल्यावर विचारणे आपणही सोडून देतो.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला अवश्य जा. रस्त्याबरोबर हेही विचारा: उपकेंद्रातील किती जागा रिकाम्या आहेत? पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली? तापाची नोंद कोण ठेवते आणि ती पुढे कोणाकडे जाते? गावात कोणी आजारी नसतानाच हे विचारायला हवे.

आपला,
फादर