घंटा थांबल्यावर

नाताळची सुटी संपून महाविद्यालये पुन्हा सुरू झाली होती. सायंकाळची मिस्सा आटोपून मी साक्रिस्तीत वस्त्रे उतरवीत असता आमच्या धर्मग्रामातील एक माता दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या हाती महाविद्यालयाचे पत्र होते. अकरावीत शिकणाऱ्या तिच्या मुलाची उपस्थिती अत्यंत अपुरी असल्याचे त्यात कळविले होते. मुलगा तर रोज पहाटे उठून, डबा घेऊन, ठरलेल्या गाडीने मुंबईला जात होता आणि सायंकाळी वेळेवर परतत होता. मधले सहा-सात तास तो कुठे काढीत होता, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आठ वर्षे वेदीसेवक म्हणून त्याने सेवा केली होती, धर्मशिक्षणाचा एकही रविवार चुकविला नव्हता. त्या मातेने मला एवढेच विचारले, "फादर, आम्ही शिकवलेलं सगळं गेलं कुठं?"

त्या कुटुंबाच्या संमतीने आणि ओळखीच्या खुणा पुसून ही हकीकत सांगत आहे. कारण तो प्रश्न एका घरापुरता नाही. ज्या सद्गुणांचा आपण मुलांमध्ये अभिमान बाळगतो, ते खरोखर त्यांचे असतात, की आपल्या नजरेचे?

शाळा आणि महाविद्यालय यांतील अंतर आपण बहुधा अभ्यासक्रमाच्या भाषेत मोजतो. खरे अंतर निराळेच आहे. शाळेत घंटा होते, हजेरी घेतली जाते, वही तपासली जाते. गावातील शिक्षक आई-वडिलांना बाजारात भेटतात, मिस्सेला भेटतात. मूल चुकले तर ते सायंकाळपर्यंत घरी कळते. महाविद्यालयात शंभराच्या आसपास मुलांचा वर्ग असतो. प्राध्यापक तास संपताच निघून जातात. वही कोणी मागत नाही, गैरहजर का राहिलास असे त्याच दिवशी कोणी विचारीत नाही. वसईहून चर्चगेट सुमारे ५० किलोमीटर. एवढ्या प्रवासात मुलाला ओळखणारा एकही डोळा नसतो.

त्यात भाषेची भर पडते. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि आता एकाएकी सारे इंग्रजीत. दहावीला वर्गात वरचा क्रमांक मिळविलेल्या त्या मुलाला पहिल्या आठवड्यात पदार्थविज्ञानाच्या तासाला काहीच कळले नाही. पुढे तो मला भेटला तेव्हा म्हणाला, "फादर, शेजारचा मुलगा भराभर लिहून घेत होता. मी नुसतं लिहितोय असं दाखवत होतो." असे दाखविण्याचा त्याला शीण आला आणि तो वर्गात जाईनासा झाला. दिवसभर तो स्थानकाच्या बाकावर बसून राही. घरी सांगावे, तर ज्या मुलाचा फोटो दहावीच्या निकालानंतर चर्चच्या फलकावर लागला होता, तो मुलगा आता आपण नाही, हे कबूल करावे लागले असते. तेवढे धैर्य त्याला झाले नाही.

तो उनाड नव्हता. त्याच्या असत्याच्या मुळाशी आळस नव्हता, भीती होती. तरीही असत्य ते असत्यच. आठ वर्षांची वेदीसेवा त्याला त्यापासून वाचवू शकली नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात एक मार्मिक भेद केला आहे. न्यायाची कृत्ये करीत गेल्यानेच माणूस न्यायी होतो, हे तो प्रथम सांगतो. परंतु तेवढ्यावर तो थांबत नाही. ते कृत्य जाणून-उमजून केलेले असावे, त्या कृत्यासाठीच निवडलेले असावे आणि स्थिर स्वभावातून निघालेले असावे, तरच त्याला सद्गुण म्हणावे, अशी त्याची अट आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. लहानपणी लावलेली शिस्त पहिली गोष्ट साधते. दुसरी साधण्यासाठी निवड करण्याची मोकळीक लागते, आणि मोकळीक म्हटली की चुकण्याची शक्यता आलीच.

आपल्याकडे घर बांधताना स्लॅबखाली सेंट्रिंग लावतात. काँक्रीट घट्ट होईपर्यंत तो आधार लागतोच. तो लवकर काढला तर स्लॅब खाली येतो. पण तो कधीच काढला नाही, तर त्या घरात कोणाला राहता येणार नाही. आपले नियम, आपली नजर, चर्चची घंटा, हे सारे सेंट्रिंग आहे. ते खोटे नाही, व्यर्थही नाही. मात्र ते म्हणजे घर नव्हे.

हे मी केवळ ग्रंथाधारे म्हणत नाही. सेमिनरीत अनेक वर्षे माझी प्रत्येक प्रार्थना घंटेच्या नादावर झाली. धर्मगुरू होऊन पहिल्या धर्मग्रामात गेलो आणि घंटा थांबली. भेटीगाठी, सभा, शाळेची कामे यांत ब्रेव्हिअरी एक दिवस राहिली, मग दोन दिवस, मग आठवडा. कोणी विचारले नाही. मी भक्तिमान आहे असा लोकांचा समज होता, आणि तो मी दूर केला नाही. स्थानकावरच्या त्या मुलात आणि माझ्यात मग अंतर ते काय? एका वडीलधाऱ्या धर्मगुरूंजवळ पापनिवेदन केले, तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की, इतके दिवस प्रार्थना कोण करीत होते, तुम्ही की घंटा? त्यानंतर जी प्रार्थना मी सुरू केली, ती तोडकीमोडकी होती, परंतु माझी होती.

मग पालकांनी काय करावे? आज नजर लांबविण्याची साधने हाताशी आहेत. मुलगा कोणत्या स्थानकावर आहे, हे मोबाइल दाखवितो. पण तो तिथे का बसला आहे, हे मोबाइल सांगत नाही. उलट दुसरे टोक म्हणजे मुले मोठी झाली असे म्हणून हात झटकून मोकळे होणे. तेही प्रेम नव्हे.

येथे मला संत मोनिका आठवते. तिचा ऑगस्टीन वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास शिक्षणासाठी कार्थेजला गेला आणि मातेच्या श्रद्धेपासून दुरावला. सुरुवातीला तिने त्याला घरात घेण्याचेही नाकारले. पुढे एका बिशपांनी तिला सल्ला दिला की, त्याच्याशी वाद घालू नको, त्याच्यासाठी प्रार्थना कर; वाचता वाचता त्याचे त्यालाच कळेल. इ. स. ३८३ मध्ये तर तिला खोटे सांगून तो रात्रीच रोमला जाणाऱ्या जहाजात बसला. मोनिकेने त्याची पाठ सोडली नाही, मात्र त्याच्या वतीने निर्णयही घेतला नाही. ३८७ च्या ईस्टरला मिलान येथे त्याने स्नानसंस्कार स्वीकारला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. तिची शिकवण हरवली नव्हती, ती त्याची स्वतःची होण्यास वेळ लागत होता. सगळीच वाट पाहणी अशी फळास येते असे मी म्हणणार नाही. मुलांच्या स्वातंत्र्यात ही जोखीम आहेच, आणि आपल्याला स्वातंत्र्य देताना परमेश्वराने ती प्रथम पत्करली.

तो मुलगा आता बारावीत आहे. एका विषयात तो अनुत्तीर्ण झाला होता, पुन्हा परीक्षा देऊन सुटला. धर्मग्रामातील एक पदवीधर तरुण त्याला आठवड्यातून दोनदा, उद्याचा धडा आज मराठीतून समजावून देतो. वेदीसेवा त्याने काही महिने सोडली होती. ईस्टरला तो आपण होऊन परत आला.

त्याच्या आईने मात्र एक लहानसा बदल केला. पूर्वी ती विचारी, "आज सगळ्या तासांना बसलास ना?" त्याला 'हो' म्हणण्यावाचून गत्यंतर नसे. आता ती विचारते, "आज काय कळलं नाही?" ह्या प्रश्नाला खरे उत्तर देणे त्याला सोपे जाते. आपल्या घरांतून हा प्रश्न जूनपासूनच विचारला जाऊ लागला, तर कित्येक मुलांना स्थानकाच्या बाकावर बसण्याची वेळ येणार नाही.