बापाला शिकवावे कोणी?

बाप होण्यासाठी दुसऱ्याची मदत घेणे हे पुरुषाला कमीपणा आणणारे आहे काय? आपल्या समाजात ह्या प्रश्नाचे उत्तर न बोलताच 'होय' असे दिले जाते. बाळंतिणीभोवती आई, सासू, नणंद, शेजारीण असा गोतावळा जमतो. तिला शिकवणाऱ्या दहाजणी असतात आणि त्यात कोणालाच लाज वाटत नाही. बापाला मात्र पेढे तेवढे मागितले जातात. त्याने कमवावे, फी भरावी, दरारा ठेवावा. बाकीचे त्याला उपजतच येते, असे आपण गृहीत धरतो. ते आले नाही की तो वाईट बाप ठरतो.

ह्या समजुतीच्या मुळाशी जबाबदारीविषयीची एक चुकीची कल्पना आहे, असे आम्हांस वाटते. जबाबदारी म्हणजे एकट्याने वाहावयाचे पोते, आणि दुसऱ्याने खांदा दिला की आपला वाटा घटला, असे आपण मानतो. काही बाबतींत तसे होतेही. मुलाची फी दुसऱ्याने भरली तर बापाचे एक काम दुसऱ्याने केले. (अशी मदत तुच्छ नव्हे, संत विन्सेंट डी पॉल संघाचे सभासद ती गाजावाजा न करता करीत असतात.) परंतु रडणारे तान्हे मूल कसे घ्यावे, नापास झालेल्या मुलीशी त्या रात्री काय बोलावे, संतापाने हात उठण्यापूर्वी उंबऱ्याबाहेर कसे पडावे, हे एका बापाने दुसऱ्याला सांगितले, तर काम कोणाचे राहिले? ते पहिल्याचेच राहिले. किंबहुना तोवर ते त्याच्या हाती आलेलेच नव्हते.

ख्रिस्तसभेने हे फार पूर्वी ओळखले आहे. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू आईबापांना त्यांच्या कर्तव्याविषयी विचारतात आणि लगेच धर्मपिता-धर्ममातेकडे वळून, ह्या आईबापांना त्यांच्या कर्तव्यात साहाय्य करण्यास तुम्ही तयार आहात ना, असे विचारतात. साहाय्य केवळ बाळाला नव्हे, आईबापांना! १९८३ च्या धर्मसंहितेतील ८७४ व्या कलमानुसार जन्मदात्या पित्याला आपल्याच मुलाचा धर्मपिता होता येत नाही. बाप नालायक ठरण्याची वाट न पाहता, मूल अजून कुशीत असतानाच, त्याच्या शेजारी दुसरे माणूस उभे केले जाते. पुढे हा धर्मपिता नाताळाला भेटवस्तू घेऊन येतो आणि प्रथम कम्युनियनच्या फोटोत दिसतो. बापाची वास्तपुस्त तो क्वचितच करतो.

संत योसेफालाही आपण एकाकी, मूक सुतार म्हणूनच रंगवले आहे. संत लूक मात्र वेगळे काही सांगतो. सण आटोपून येरूशलेमहून परतताना बारा वर्षांचा येशू सोबतच्या मंडळीत असेल असे समजून मरिया व योसेफ दिवसभराची वाट चालून गेले आणि नंतर नातलगांत व ओळखीच्यांत त्याला शोधू लागले. ह्याला निष्काळजीपणा म्हणावयास आम्ही धजत नाही. आपले मूल चार घरच्या माणसांत सुरक्षित आहे, असे दिवसभर मानता यावे, एवढा त्या बापाचा आपल्या लोकांवर विश्वास होता.

आता एक अलीकडचे उदाहरण पाहू. रवांडा हा १९९४ च्या वंशसंहाराने विदीर्ण झालेला देश. तेथील चार जिल्ह्यांत २०१३ ते २०१५ ह्या काळात 'बांदेबेरेहो' हा उपक्रम राबवण्यात आला. ज्यांच्या घरी बाळ येणार आहे किंवा पाच वर्षांखालील मूल आहे, असे पुरुष पंधरा बैठकांना जमत. त्यांतील आठ बैठकांना पत्नीही येत. बैठक चालवणारे त्याच भागातले, प्रशिक्षण घेतलेले बाप होते. परिणाम पाहण्यासाठी १,१९९ जोडप्यांची दोन गटांत विभागणी केलेली होती. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपक्रमात नसलेल्या ५७ टक्के स्त्रियांनी मागील वर्षभरात पतीकडून मारहाण झाल्याचे सांगितले होते. उपक्रमातील स्त्रियांत हे प्रमाण ३३ टक्के होते. मुलांना मारणेही कमी झाले, आणि गरोदर पत्नीबरोबर तपासणीला जाणारे पती वाढले. तेहतीस टक्के हा आकडा काही समाधानाचा नाही. तिघींपैकी एक अजून मार खात होती. तथापि त्या पुरुषांची जबाबदारी कोणी काढून घेतली नव्हती. घरी जाऊन मूल त्यांनाच सांभाळायचे होते.

मदतीमुळे बाप आळशी होतील, अशी शंका काढणारे आपल्याकडे भेटतील. आईला इतकी वर्षे मदत मिळत आली, ती आळशी झाली काय, एवढेच त्यांना विचारावे.

अशी बैठक आपल्या धर्मग्रामांतही भरू शकेल. ती धर्मगुरूंनी चालवू नये. आम्हांस लोक 'फादर' म्हणतात खरे, पण रात्री दोन वाजता तापाने फणफणलेले मूल खांद्यावर घेऊन येरझारा घालण्याचा अनुभव आमच्या गाठी नाही. सभागृहाची किल्ली द्यावी आणि आम्ही बाजूला व्हावे. वेळ रविवारी मिस्सानंतरची ठरवावी. विरार लोकलने रात्री साडेनऊला घरी पोहोचणाऱ्याला मधल्या वारी बोलावणे म्हणजे मुलांच्या वाट्याचा उरलासुरला तासही काढून घेणे. मुलांना बरोबर आणू द्यावे, मग गोंगाट झाला तरी चालेल. धर्मपित्यांनाही आवर्जून बोलवावे. चहा मात्र महिला मंडळाकडे सोपवू नये.